स्विफ्टला १६ इंची मॅगव्हील बसवायचीत, टायर कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी, गाडी २०१९ची स्विफ्ट व्हीएक्सआय. कंपनीचे लोखंडी रिम, टायर १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिमी, भिंत रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची). मावसभावाने गाडी विकताना त्याची १६ इंची मॅगव्हील (अलॉयचे रिम) काढून ठेवली होती, ती 'बघ लागतात का' म्हणून माझ्या पडवीत आणून टाकलीत. रुंदी ७ जे (म्हणजे ७ इंच), नटांची आठ भोकं आहेत, त्यातली चार १०० पीसीडीची (भोकांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी), स्विफ्टला लागतात तशीच. म्हणजे बसतील. प्रश्न टायरचा आहे.

पहिला दुकानदार म्हणाला, २०५/५५ आर १६ टाका, गाडी भरीव दिसते. दुसरा म्हणाला १९५/५५. दोघांनीही कारण सांगितलं नाही, म्हणून घरी येऊन वही काढली. १६५चे ८० टक्के १३२ मिमी, वर-खाली मिळून २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६. चाकाची उंची झाली साधारण ६२०. १९५/५५ची येते ६२१, २०५/५५ची ६३२. म्हणजे दुसरा बरोबर दिसतोय. २०५ टाकला तर काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ने चाललेली असेल. तेवढं चालेल हो, पण पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असताना मडगार्डला घासायला लागला तर?

लोड इंडेक्सही पाहिला. जुना ८५, म्हणजे एका टायरवर ५१५ किलो. १९५/५५ मध्ये ८७ मिळतो, ५४५ किलो. तिथे अडचण नाही.

खरी भीती खड्ड्यांची. टायरची भिंत १३२वरून १०७वर येणार आणि माझं महिन्यातून दोनदा कोल्हापूर-रत्नागिरी असतं. आंबा घाट पावसाळ्यात कसा असतो ते सांगायला नको. वडील म्हणतात, 'चांगले टायर काढून गचके विकत घेतोस.' जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
हिशोब बरोबर आहे, १९५/५५च घ्या. स्टेपनी जुनीच ठेवली तरी उंची जुळते, पंक्चर झाल्यावर घरापर्यंत सावकाश येता येईल. पण १९५ला ७ जे ही शेवटची मर्यादा आहे. टायर ताणून बसतो, रिमची कड उघडी पडते आणि खड्ड्यात पहिला मार तिलाच लागतो. मी तुमच्या जागी असतो तर रिम भावाला साभार परत केले असते आणि वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनी देते ते १५ इंची घेतले असते. टायर १८५/६५ आर १५, उंची ६२१ आणि भिंत १२०. तुमच्या वडिलांशी मी सहमत आहे.

तरीही हेच बसवायचे असतील तर रिम पालथा घालून मधल्या भोकाचं माप बघा. स्विफ्टचा हब (त्या भोकात बसणारा गाडीचा मधला भाग) ५४.१ मिमीचा आहे. भोक मोठं असेल तर मध्ये रिंग टाकल्याशिवाय बसवू नका. नुसत्या नटांच्या भरवशावर चाक जरा जरी मध्य सोडून बसलं, तर ८०-९०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बिचारे चार-चारदा बॅलन्सिंग करत बसतात.

धागाकर्ता
आत्ताच बघितलं. ७३.१ आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. १५ इंची कंपनीचे जुने रिम कोल्हापुरात कुणाकडे पडून असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.