दीर ऑटिस्टिक, घर माणसांनी भरलेलं: गड्डा आणि लग्न कसं निभवायचं?

जुळे_सोलापूर_वहिनी
धाकटे दीर २७ वर्षांचे. ऑटिझमचं निदान मोठेपणी झालं. शिकलेले आहेत, घरून डेटा एन्ट्रीचं काम करतात. घरात आम्ही आठ जण. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत पाहुण्यांना खंड नसतो, आणि त्यानंतर लगेच फेब्रुवारीत नणंदेचं लग्न आहे. सासूबाई म्हणतात, चारचौघांत मिसळलं की आपोआप सुटेल. म्हणून पाहुणे आले की हाक मारून बाहेर बसवतात. भावजी पाच मिनिटं बसतात, उठून जातात, मग दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. माणसं नकोत असं अजिबात नाही. रात्री सगळं आवरल्यावर स्वयंपाकघरात येऊन छान बोलतात. पाहुणे, लग्न आणि रोजचं बोलणं, या तिन्हीत नेमकं काय करायचं ते सांगा. "प्रेमानं घ्या" हे माहीत आहे.

कडक_भाकरी
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, पण इथे माझी कहाणी नको, उपयोगाचं तेवढं लिहितो.

आधी रोजचं बोलणं, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. रात्री स्वयंपाकघरात ते बोलतात, कारण तिथे एकच माणूस असतो, टीव्ही बंद असतो आणि तुमचे हात कामात असल्यामुळे नजर त्यांच्यावर खिळलेली नसते. हीच परिस्थिती दिवसा मुद्दाम तयार करता येते. समोरासमोर बसून "बोल की काहीतरी" म्हणण्यापेक्षा शेजारी बसून काम करा. चटणीसाठी शेंगा सोलणं यासाठी उत्तम: हात गुंतलेले, मान खाली, आणि पाटी रिकामी झाली की बैठक संपली हे न सांगता कळतं. वेळ आणि वार ठरवून टाका. "कधीतरी बसू" याला काहीच अर्थ नसतो. "रविवारी सकाळी ९ ते ९:३०" याला असतो.

प्रश्न विचारला की थांबा. मनात दहापर्यंत मोजा. घरात हमखास होतं ते असं: उत्तर आलं नाही म्हणून तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला जातो, मग तिसरा माणूस "अरे, वहिनी काय विचारतायत?" म्हणतो. प्रत्येक नवीन वाक्याला डोक्यातलं काम पहिल्यापासून सुरू होतं. पुन्हा सांगायचंच असेल तर तेच शब्द, त्याच क्रमानं.

सांगायचं ते पूर्ण सांगा. "जरा दुधाकडे बघ" म्हटलं तर ते दुधाकडे बघतील, आणि दूध उतू जाईल. "दूध उकळलं की गॅस बंद कर आणि झाकण तिरकं ठेव" हे वाक्य लांब आहे, पण त्यात अंदाज बांधायला काही उरत नाही.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारण्याऐवजी मेसेज केला तर त्यात अपमान नाही. फोन करायचा असेल तर आधी लिहा: "८ वाजता फोन करते. ५ मिनिटं. विषय गॅस सिलिंडर." नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट ठेवू द्या, आणि त्यातलं कामाचं तेवढं एकाच माणसानं त्यांना वेगळं पाठवावं. तो माणूस तुम्हीच होणार असं दिसतंय.

आता पाहुणे. बाहेर "बसणं" हे काम नाही, त्याला सुरुवात-शेवट नाही. काम द्या. पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन यायचं, मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा, "चहा टाकायला सांगतो" म्हणून आत जायचं. दोन मिनिटांत भेट झाली, पाहुण्यांचा मान राहिला. वाकून नमस्कार हा मिठीपेक्षा किंवा पाठीवर थाप मारण्यापेक्षा कितीतरी सोपा, कारण कोण कुठे स्पर्श करणार ते आधीच ठरलेलं असतं. फ्रिजवर छोटा पांढरा बोर्ड लावा: कोण येणार, किती वाजता, साधारण किती वेळ, त्यात भावजींचं काम काय. न सांगता येणारे येतातच. त्यांच्यासाठी नियम एकच ठेवा: आयत्या वेळच्या पाहुण्यांसमोर येणं ऐच्छिक.

संक्रांतीचा दिवस खरं तर सोपा जाऊ शकतो. त्या दिवशी काय म्हणायचं ते साऱ्या गावाचं ठरलेलं असतं. तिळगुळाच्या पुड्या भरायचं काम त्यांना द्या, वजनकाटा देऊन, एका पुडीत ५० ग्रॅम. दारात पुडी द्यायची, ठरलेलं वाक्य म्हणायचं, झालं.

होटगी_रोड
सगळं मान्य, पण इतकं सांभाळलं तर जगात कसं निभावणार? थोडी सवय लावायला नको? नजरेला नजर देऊन बोलायला तरी शिकवा. रोज दहा मिनिटं सराव केला की जमतं.

ओटी_सात_रस्ता
जमतं, पण कशाच्या बदल्यात ते बघा. ऑक्युपेशनल थेरपीच्या कामात हे वारंवार दिसतं. अनेक ऑटिस्टिक प्रौढांना डोळ्यांत बघणं आणि बोलणं ऐकणं एकाच वेळी झेपत नाही. नजर धरून ठेवली तर वाक्य निसटतं. वरून इतरांसारखं वागण्याचा मुखवटा दिवसभर सांभाळला की त्याची किंमत नंतर वसूल होते. वहिनींनी लिहिलेली दोन दिवसांची शांतता म्हणजे रुसवा नसून बहुधा तीच किंमत आहे.

शिवाय शिकायचं फक्त त्यांनीच का? ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन (ते स्वतःही ऑटिस्टिक) यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत. तेव्हा दिरांना ऑटिस्टिक मित्र मिळाले, अगदी ऑनलाइन मिळाले तरी, त्याला कमी प्रतीची मैत्री समजू नका.

सवय लावायचीच असेल तर ती जबाबदारीची लावा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि सुटलं की घरभर धावपळ, मोटरचा आवाज, आरडाओरडा. वेळापत्रकावर जगणाऱ्या माणसाला हा दिवस वाईट. पण पाण्याचं खातं त्यांच्याकडेच सोपवलं तर? पाळी कधीची ते कॅलेंडरवर लिहिणं, मोटर चालू-बंद करणं, टाकी कुठवर भरली ते बघणं. गोंधळ तोच, पण आता तो कधी सुरू होणार हे सगळ्यांत आधी त्यांना माहीत असतं.

उन्हाळ्यासाठी एक गोष्ट आताच सांगते. तहान, भूक, अंग तापणं हे आतले इशारे कित्येक ऑटिस्टिक लोकांना उशिरा कळतात. सोलापूरच्या चाळिशीपारच्या उन्हात "तहान लागली की पी" हा सल्ला धोक्याचा आहे. बाटलीवर वेळेच्या खुणा करा: ११ पर्यंत इथवर, १ पर्यंत इथवर. विनाकारण चिडचिड वाटली तर आधी पाणी आणि जेवण तपासा, स्वभाव नंतर.

तिसरी_पाळी
लग्नाचं मी सांगतो, मंगल कार्यालयांत साउंडचं काम करतो.

कापसाचे बोळे काही कामाचे नाहीत. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते घ्या. बसवायची पद्धत: बोटांत वळून बारीक सुरळी करायची, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून २०-३० सेकंद बोटानं धरून ठेवायचं. ते आत फुगलं पाहिजे. पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेलं असतं, पण घाईत अर्धवट घातलं तर त्याच्या निम्मंही मिळत नाही. आधी घरी मिक्सर चालू करून बघा.

डीजेच्या बेसवर मात्र प्लगचा उपाय नाही, तो छातीतून आणि पायातून येतो. तिथे अंतरच हवं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. बंद हॉलमध्ये भिंतींमुळे एवढा उतरत नाही. वरातीत हलगी असेल तर ती डीजेहून बोचरी लागते, एकेक थाप सुईसारखी. दिरांना वरातीतून वगळा आणि थेट कार्यालयावर बोलवा.

अक्षतांच्या अर्धा तास आधी पोचायचं, हॉल रिकामा असताना जागा धरायची: कडेची खुर्ची, दाराजवळ, स्पीकरच्या मागच्या अंगाला. शेवटच्या मंगलाष्टकानंतर वाजंत्री एकदम सुरू होते, त्याआधी कुणीतरी खूण करावी. जेवण पहिल्या पंगतीला. वधूची खोली शांत असते हा गैरसमज आहे, ती सगळ्यांत गजबजलेली. बाहेर सावलीत लावलेली गाडी बरी, किल्ली त्यांच्याच खिशात.

गड्ड्याचंही तेच. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याच्या गर्दीत नेण्यापेक्षा नंदीध्वज मिरवणुकीच्या मार्गावर कुणाच्या तरी गॅलरीतून बघू द्या. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम लांबच्या गच्चीवरूनही दिसतं.

कडक_भाकरी
वरच्यात भर. जायची वेळ आधी ठरवा आणि ती पाळा. "अजून पाच मिनिटं" म्हणून तासभर थांबवलं तर पुढच्या लग्नाला ते येणार नाहीत, आणि बरोबरच आहे. निघतानाचं वाक्य पाठ असू द्या: "मी निघतो, छान झालं लग्न." घरातल्या एकाला योजना माहीत हवी, म्हणजे कुणी काका "काय बे, कुठं चाललास?" म्हणून आडवे आले तर तो मध्ये पडेल. ताटात आग्रहानं वाढणाऱ्यांनाही त्यानंच आवरावं. लग्नानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा, घरी सत्यनारायण असला तरी.

जुळे_सोलापूर_वहिनी
खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. कधी कधी ते येरझाऱ्या घालायला लागतात, एकच वाक्य परत परत म्हणतात, मग आवाज चढतो. तेव्हा काय करायचं? आणि एका नातेवाइकांनी सांगितलं की ऑटिझम आहे म्हणजे कोर्टातून पालकत्व घ्यावंच लागतं, नाहीतर बँकेत अडेल. खरं का?

ओटी_सात_रस्ता
येरझाऱ्या आणि तेच वाक्य ही आधीची पायरी आहे. काही करता येतं ते इथेच. बोलणं थांबवा, टीव्ही आणि मोठा दिवा बंद करा, लहान मुलांना दुसऱ्या खोलीत न्या. एकच माणूस जवळ राहू दे, तोही थोड्या अंतरावर, दाराची वाट न अडवता. हात धरू नका. "काय झालं?" विचारू नका, त्या क्षणी उत्तर शोधणं हाच भार असतो. सोलापुरी चादरीसारखं जड पांघरूण हाताशी ठेवा. अंगावर टाकू नका, घ्यायचं तर ते घेतील. बोलता येत नसेल तर फोनवर टाइप करू दे. चर्चा त्या दिवशी नाहीच. दुसऱ्या दिवशी, लिहून.

कागदवाला
पालकत्वाचं सांगणं चूक. १८ पूर्ण झाली की माणूस सज्ञान, निदान काहीही असो. तुमचे दीर स्वतः कमावतात, स्वतः सही करतात. त्यांचं बँक खातं त्यांचंच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम असलेल्या प्रौढासाठी पालक नेमता येतो, पण खरी गरज असेल तरच, आणि तो अर्ज कोर्टात नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वही आहे, ज्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. गरज नसताना यातलं काही करू नका, त्यांचे हक्क विनाकारण दुसऱ्याच्या हातात जातात.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळी गोष्ट, ते हवं की नको हे त्यांना विचारून ठरवा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, कागद आधार, फोटो आणि जुने तपासणीचे रिपोर्ट. तपासणीत इसा नावाची ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, गुण ४० ते २००. ७० च्या खाली असेल तर त्या पट्टीवर ऑटिझम धरत नाहीत. इथेच मुखवटा आड येतो: मोठ्या वयाचा, नीट बोलणारा माणूस वीस मिनिटांत "नॉर्मल" दिसतो. म्हणून लहानपणाबद्दल सांगू शकेल असं कुणीतरी, म्हणजे सासूबाई, सोबत हव्यात, आणि रोज कुठे कुठे अडतं ते कागदावर लिहून न्या. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व मिळालं तर आयकरात ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असल्यास १,२५,०००, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. ऑटिझमसाठी त्यासोबत आयकराचा वेगळा वैद्यकीय फॉर्म लागतो, तो डॉक्टरांकडून त्याच फेरीत भरून घ्या.