सिझर झालेल्या बहिणीला दवाखान्यातलं जेवण जात नाही, काय करावं?

कापूसवाला (यवतमाळ जिल्हा):
लहान बहिणीचं परवा सिझर झालं. तालुक्याचा सरकारी दवाखाना. डॉक्टर-सिस्टर चांगले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण जेवण! दोन वातड पोळ्या, भात, पानकोबी आणि वरण. वरण म्हणजे नुसतं हळदीचं पाणी, डाळ शोधावी लागते. संध्याकाळचं ताट साडेपाचलाच येते, मग थेट सकाळचा चहा. बाळ रात्रभर अंगावर पिते, हिच्या पोटात आग पडते. आई म्हणते वरण देऊच नको, बाळाच्या पोटात वारा धरते. गाव लांब, त्यात वेचणी सुरू, रोजचा डबा जमत नाही. फुकटच्या जेवणाबद्दल बोलावं का?

निवृत्त परिचारिका (वर्धा):
भाऊ, बोलाच. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस मोफत आहार आहे, तो तिच्या हक्काचा. भांडू नका. ताट तसंच उचलून इनचार्ज सिस्टरला दाखवा. नाहीच ऐकलं तर अधीक्षकांना लेखी द्या. स्वयंपाक ठेक्यावर असला तर कागदाशिवाय ठेकेदार हलत नाही, हे मी नोकरीत पाहिलं आहे.
आईला समजवा, वरण अजिबात बंद करू नका. पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात आणि टाके भरायला प्रथिनं. डॉक्टरांनी जेवायला सांगितलं असेल तर उकडलेलं अंडं द्या, एकात ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. रात्रीसाठी उशाशी शेंगदाण्याचे लाडू ठेवा. आणि लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत द्या. चहानं लोह अंगी लागत नाही.

आशाताई:
डब्यासाठी दुधाच्या गाडीवाल्याला विचारा. आमच्या गावचे डबे तसेच जातात.

शेतकरीपुत्र:
पण ताट घेऊन गेलं की सिस्टर चिडतात, मग पेशंटकडे कोणी पाहत नाही. सुट्टी होऊ द्या, मग अर्ज करा.

निवृत्त परिचारिका (वर्धा):
ही भीती खरी आहे, पण सुट्टीनंतरच्या अर्जानं तिचं आजचं पोट भरत नाही. नरमाईनं सांगा, एवढंच.

कापूसवाला:
दाखवलं. सिस्टरनं वाढणाऱ्या मावशीला वरणाचा गंज तळापासून ढवळायला लावला. डाळ खालीच बसली होती! बहीण आज दोन वाट्या वरण प्यायली. लाडू उद्या दुधाच्या गाडीनं येतात. साडेपाचच्या वेळेसाठी मात्र अर्ज लिहितो आहो. बाजूच्या खाटेवरच्या बाईचा नवराही सही करतो म्हणाला.