सल्ला हवा: अहिराणी कॉमिक, दिवाणाखालचे गठ्ठे आणि एक करार

शाईची दौत (अमळनेर)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, मी अहिराणीत कॉमिक काढतेय. गोष्ट माझी, चित्रं माझी, फुग्यांतली अक्षरंही हातानेच लिहिलेली. दिवसा एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते, त्यामुळे स्वतःच्या कामाला रात्री दहानंतरच हात लागतो.

गेल्या दिवाळीत पहिलं पुस्तक छापलं. बत्तीस पानं, सगळी रंगीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली आजी आणि तिची नात, एवढीच गोष्ट. 500 प्रती काढल्या, प्रत 42 रुपयांना पडली, म्हणजे 21,000 गेले. किंमत 100 ठेवली. आजवर 187 खपल्या. त्यातल्या 120 मी स्वतः हातोहात विकल्या. बाकीच्या प्रती दुकानांतून गेल्या, तिथे 40 टक्के कमिशन, आणि दोन दुकानांचा हिशेब अजून आलेला नाही. छपाईचे पैसे सुटले नाहीत. 313 प्रती दिवाणाखाली आहेत.

तरी हे काम सोडवत नाही. धरणगावच्या एका आजींना वाचता येत नाही, नातवाने त्यांना सगळं पुस्तक वाचून दाखवलं. झोक्याच्या पानावर त्यांनी त्याला थांबवलं, मी काढलेल्या दोरावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अशी गाठ नही ऱ्हास, माय." मग पदराचं टोक खाटेच्या पायाला गुंडाळून खरी गाठ कशी मारतात ते मला दाखवलं. दोनदा दाखवलं.

आता अडचण. एका प्रकाशनाने याच आजी-नातीच्या चाळीस कॉमिक पट्ट्या मागितल्यात. एकरकमी 20,000. करारात लिहिलंय: 'पात्रांसह सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी.' घरचे म्हणतात सही करून मोकळी हो, छपाईचं नुकसान तरी भरून निघेल. आठवडाभरात कळवायचं आहे. सही करू का? आणि उरलेल्या प्रतींचं काय करू?

जंक्शनकर (भुसावळ)

ताई, या मजकुरावर सही करू नका. कळकळीने सांगतो.

2014 साली मी एका बियाणे कंपनीसाठी एक शेतकरी-पात्र काढलं होतं. 6,000 रुपये मिळाले, तेव्हा ते खूप वाटले. पुढे ते पात्र पिशव्यांवर आलं, भिंतींवर आलं, एसटी स्टँडसमोरच्या फलकावर आलं. कोणीतरी त्याला जाड मिशा लावल्या, त्याच्या तोंडी भलतंच काही घातलं. मुलीला म्हणालो, हे मी काढलंय. ती म्हणाली, मग तुमचं नाव कुठंय? यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मागाहून कायदा वाचला, तो तुम्ही आधीच वाचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं, सहीनिशी हवं. कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे सगळं त्यात यायला हवं. मुदत लिहिलेली नसली तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसला तर भारतापुरता धरतात. 'कायमस्वरूपी' हा शब्द कोणी उगीच घालत नाही. कलम 57 प्रमाणे हक्क विकले तरी काम आपलं आहे हे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड करून आपल्या नावाला बट्टा लागत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार आपल्याकडे राहतो. पण तो बजावायचा म्हणजे वकील आणि तारखा.

त्यांना उलट पत्र पाठवा. चाळीस पट्ट्या छापायची परवानगी, एक वर्ष, फक्त छापील अंकात, प्रत्येक पट्टीखाली तुमचं नाव. पात्रं तुमचीच. पुस्तक काढायचं झालं तर वेगळा करार आणि रॉयल्टी. रक्कम थोडी कमी झाली तरी चालेल. आजी देऊन टाकू नका.

छापखानावाला (जळगाव)

कराराचं वरच्या भाऊंनी सांगितलंच. मी छपाईबद्दल बोलतो, घरचाच धंदा आहे.

पहिल्याच पुस्तकाच्या 500 रंगीत प्रती काढायला नको होत्या. पण ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून करायच्या छपाईत, प्लेटचा खर्च 100 प्रतींना तेवढाच आणि 500 ना तेवढाच, म्हणून प्रेसवाला आकडा वाढवायला सांगतो. आम्हीही सांगतो. तुमच्यासारख्यांनी पुढच्या वेळी 100 प्रती डिजिटलवर काढाव्यात. कव्हर रंगीत, आतली पानं काळी-पांढरी. तुमची रेघ चांगली असेल तर वाचकाला रंगाची उणीव भासत नाही. पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा. चित्र कडेपर्यंत नेणार असाल तर चहूबाजूंनी 3 मिलिमीटर जास्त काढा आणि फुगे कडेपासून लांब ठेवा. कटिंगला फुग्यातला अनुस्वार उडाला की अर्थच बदलतो. बरेच जण मोबाइलवरून आलेली फाइल तशीच देतात, मग चित्र फुटतं. 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके) द्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतलाय का? सरकारकडून फुकट मिळतो, अर्ज तेवढा करावा लागतो. ग्रंथालयांकडे जाताना उपयोगी पडेल.

आणि ते गठ्ठे आजच जमिनीवरून उचला. खाली विटा, वर फळी. आमच्याकडे एका पावसाळ्यात वाळवीने दोन रिमं खाल्ली, वरून पाकीट जसंच्या तसं होतं.

उधनावाली

ताई, मी मूळची दोंडाईचाकडची, लग्नानंतर सुरतेत. इकडे उधना, लिंबायत, डिंडोलीला गल्ल्याच्या गल्ल्या आपल्या माणसांच्या आहेत. माझ्या मुलांना अहिराणी कळते पण बोलत नाहीत, कारण शाळेत गुजराती, मोबाइलवर हिंदी आणि आजी राहते गावाला. तुमचं पुस्तक आमच्यासाठीच आहे, आणि तुम्ही ते अमळनेरच्या दुकानात ठेवून बसलात!

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खानदेशची देवी, बसते. रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याला, सगळी भाऊबंदकी एकत्र येते, कोणी गावाला जातं, कोणाच्या इथल्या घरीच बसते. त्या दोन दिवसांत पन्नास प्रती घेऊन या. गाडी तुमच्या अमळनेरहून सरळ उधन्याला येते. उतरायची, जेवायची सोय माझ्याकडे. मी आत्ताच दहा प्रती मागवते, आगाऊ पैसे पाठवते. टपाल खात्याने 2025 च्या मे महिन्यापासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट नावाची स्वस्त टपालसेवा सुरू केलीय, तुमच्या पुस्तकाला ती चालते का एवढं पोस्टात विचारून घ्या.

गिरणाकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे. प्रमाण मराठीत काढा, वाचक दहापट मिळतील. अहिराणी लिहिण्याची एक रीत नाही. कोणी 'ऱ्हायना' लिहितो, कोणी 'रायना'. धुळ्याची वेगळी, चाळीसगावची वेगळी.

उधनावाली

गिरणाकाठ दादा, बहिणाबाईंनी घरात बोलतात तशाच बोलीत ओव्या रचल्या, आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ताईंनी एक रीत धरावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी. शेवटच्या पानावर अवघड शब्दांचे अर्थ द्यावेत, म्हणजे पुण्याचा वाचकही अडणार नाही.

अक्षरवेडा (धुळे)

फक्त अक्षरांबद्दल. हाताने लिहिता हे उत्तम, पण चाळीस पट्ट्यांना मनगट जाईल. 'कलम' नावाचा हाताच्या वळणाचा देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो, तो बघा. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि आधी फुगा लिहा, मग चेहरा काढा. मी वर्षभर उलटं करत होतो, प्रत्येक चौकटीत माणसांची डोकी कापली जायची.

शाईची दौत (अमळनेर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून उत्तर लिहिलं आणि आज सकाळी पाठवलं. एक वर्ष, छापील अंकापुरती परवानगी, पट्टीखाली नाव, पात्रं माझी, रक्कम 15,000. त्यांचा फोन आला होता. "इतर कोणी असं मागत नाही," म्हणाले. मी म्हटलं, मला याच अटींवर जमेल. ते विचार करून कळवणार आहेत. नाही म्हणाले तर वाईट वाटेल, कारण ते 15,000 मला खरंच हवे आहेत. पण सही करणार नाही, हे घरी सांगून टाकलंय. आई थोडी नाराज आहे.

गिरणाकाठ दादा, मराठीचा विचार मीही केला होता. पण आजीच्या तोंडी मराठी घातलं की ती माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाईंसारखी बोलायला लागते. एक रीत मात्र धरते, 'ऱ्हायना'.

गठ्ठे विटांवर चढवले. सर्वात खालच्या गठ्ठ्याला कोपऱ्यात माती लागायला सुरुवात झाली होती, चार प्रती गेल्या. उधनावाली ताई, तुमच्या दहा प्रती उद्या टाकते. कानबाईला नक्की येते. प्रत्येक प्रतीत झोक्याच्या पानावर एक छोटी चिठ्ठी चिकटवतेय, तिच्यावर दोराची बरोबर गाठ काढलीय. आत्तापर्यंत साठ झाल्या.