१/३५० एंटरप्राइज: बशीवरच्या रेघा बुजवू की राहू देऊ?

अर्धाकिट:
मंडळी, स्टार ट्रेकच्या पहिल्या मालिकेतल्या एंटरप्राइज या अंतराळयानाचा १/३५० मापाचा (खऱ्याच्या साडेतीनशेपट लहान) मॉडेल किट घेऊन दोन महिने झाले, ड्राय फिट करून (गोंद न लावता जुळवून) बघितला आणि तिथेच गाडी अडकलीय. बशीच्या (यानाच्या पुढच्या गोल चकतीच्या) वरच्या बाजूला जी जाळी कोरलीय ना, गोल गोल रेघा आणि मधून कडेकडे जाणाऱ्या, ती मला फारच ठसठशीत वाटतेय, पडद्यावर तर बशी एकदम गुळगुळीत दिसते. कुणी म्हणतं बुजव, कुणी म्हणतं राहू दे, प्राइमरखाली आपोआप मरते. रंगाचाही घोळ आहे, एका फोटोत पांढरा दुसऱ्यात राखाडी तिसऱ्यात चक्क निळा. लाइट पण टाकायचेत आणि नॅसेल (मागची दोन इंजिनं) एवढे लांब की नंतर खाली वाकतील अशी भीती वाटते. एवढं मोठं पहिल्यांदाच करतोय पण शक्य तितकं अचूक हवंय. कुठून सुरू करू?

रेतीकागद:
आधी हे ठरव की अचूक म्हणजे कशाशी अचूक. शूटिंगचं मोठं मॉडेल ११ फुटी, १९६४ मध्ये बनलेलं, पुढे त्यात बरेच बदल झाले. पायलटच्या (मालिकेआधीच्या चाचणी भागांच्या) वेळी पुढची डिश मोठी होती, ब्रिजचा (नियंत्रण कक्षाचा) घुमट उंच होता, नॅसेलची टोकं नुसती लाल नि त्यावर सुया. मालिका सुरू होताना डिश लहान झाली, घुमट बसका झाला, टोकांना आत फिरणारे लाइट आले. हे सगळं एकाच मॉडेलवर मिसळलं तर असं जहाज तयार होतं जे कधीच नव्हतं, आणि असे बरेच लोक बनवून ठेवतात. मी पण पहिल्या वेळी तेच केलं, पायलटची डिश आणि मालिकेची टोकं, एका ओळखीच्याने दोन सेकंदात पकडलं.

आता रेघा. मूळ मॉडेलवर वरच्या बाजूला रेघा आहेत, पण पेन्सिलने आखलेल्या, कोरलेल्या नाहीत. कोरलेली रेघ ०.३ मिमी रुंद धरली तर १/३५० ला खऱ्या जहाजावर ती साडेदहा सेंटीमीटरची फट झाली, म्हणजे हात जाईल एवढी. तेव्हा माझं मत सरळ आहे, बुजव.

पण कशाने बुजवतोस ते महत्त्वाचं. मी ट्यूबमधली सॉल्व्हंटवाली पुट्टी भरली, घासली, रंग दिला, खूश झालो, आणि तीन आठवड्यांनी तिरक्या उजेडात सगळी जाळी भुतासारखी परत दिसायला लागली, पुट्टी सुकता सुकता आकसली होती. पुढच्या वेळी पातळ सुपरग्लू रेघेत सोडला आणि तासाभरात घासायला घेतला. दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस, तोपर्यंत तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग आजूबाजूचं प्लास्टिक झिजतं आणि रेघेच्या जागी वरंबा राहतो. ४०० नंबरच्या कागदाने सुरू करून ८०० वर ये, ओला कागद वापर, आणि मागे लाकडाचा तुकडा धर, नुसत्या बोटाने घासलंस तर खळगे पडतील. मग प्राइमर मारून, टेबल लॅम्प बशीला जवळजवळ टेकवून कडेने बघ, जे चुकलंय ते लगेच दिसतं.

जुनाडेकल:
रेतीकागदशी अर्धा सहमत. बुजव, पण तिथेच थांबू नको, त्या जागी पेन्सिलनेच परत आख. बेस कोट मॅट असू दे, ०.३ ची यांत्रिक पेन्सिल, हलका हात, गोल रेघांसाठी मधोमध खिळा ठोकलेली पट्टी, आणि वर मॅट वार्निश. हात मारून बघायची घाई करू नको, ग्राफाइट पसरतं.

रंगाबद्दल, पडद्याला विसर. निळ्या पडद्यासमोर शूटिंग व्हायचं, तो निळा मॉडेलवर उतरायचा, त्यात फिल्म पण जुनी. मूळ रंग फिका राखाडी, किंचित हिरवट झाक असलेला. मॉडेल १९७४ पासून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे आणि २०१६ मध्ये त्यांनी ते ऑगस्ट १९६७ च्या अवस्थेत आणलं, बशीवरचा मूळ रंग तसाच राखून. तुला तारीख ठरवायची असेल तर ही घे, फोटोही भरपूर मिळतात. फक्त १९९० च्या दशकातल्या आधीच्या दुरुस्तीतले फोटो बाजूला ठेव, त्यात जाळी नि मळ दोन्ही जरा जास्तच रंगवलेत.

आणि हो, डावी बाजू! शूटिंग उजव्या बाजूचंच व्हायचं, डावीकडून वायरी निघायच्या म्हणून ती बाजू अर्धवटच होती. म्हणजे किटच्या डाव्या बाजूला जे काही आहे तो कुणाचा तरी अंदाज. तिथे भांडू नये 😄

सोल्डरवाला:
मी रंगातलं बोलणार नाही. नॅसेल वाकायचं कारण बहुतेक वेळा वजनापेक्षा जोड असतो. पायलनमधून (नॅसेल धरणाऱ्या खांबातून) पितळेची बारीक नळी घाल, मुख्य बॉडीत दोन सेंटीमीटर तरी आत जाऊ दे, एपॉक्सीने बसव आणि पुठ्ठ्याचा साचा करून पूर्ण दिवस हलवू नको. त्याच नळीतून एनॅमलचा लेप असलेल्या बारीक तारा जातात, वेगळी वाट शोधायला नको.

१२ व्होल्टवर तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये नि ३३० ओहम, साधारण ९ मिलिअँपिअर, इतकं पुरतं, जास्त पाजलंस तर बशी पूर्ण ट्यूबलाइट होईल. आतून आधी काळा रंग दे, मग पांढरा. आणि बंद करण्याआधी अंधाऱ्या खोलीत पेटवून बघ, मी हे एकदा टाळलं आणि बशीच्या सांध्यातून चहुबाजूंनी उजेडाची झालर आली, शेवटी ब्लेडने कापून उघडावी लागली.

अर्धाकिट:
बाप रे, माझ्या एका प्रश्नात चार प्रश्न होते हे आत्ता कळलं. ठरलं, ऑगस्ट १९६७. म्हणजे लहान डिश, बसका घुमट. काल बशीच्या एका फाकेवर सुपरग्लूचा प्रयोग केला, चाळीस मिनिटांनी घासायला घेतलं, लॅम्प लावून बघितलं तर जाळी गायब, पण एका ठिकाणी मी जोर लावला आणि बशीच्या कडेची गोलाई चपटी झाली. आता ती कशी भरू?

रेतीकागद:
सुपरग्लू नि बेकिंग सोडा, थोडा थोडा थर दे, एकदम ढीग नको. मग पट्टी कडेला धरून गोलाई जुळव. आणि तो लाकडाचा तुकडा वापर म्हटलं होतं ना?

अर्धाकिट:
वापरला होता. दुसऱ्या हातात.