मदत हवी आहे: फीव्हर रेसारखा खर्जातला आवाज कसा आणायचा?

मृण्मयी_के
कुणीतरी लवकर सांगा प्लीज. फीव्हर रे हे स्वीडिश कलाकार कॅरिन ड्रेयर यांचं सोलो नाव, त्या नावानं आलेल्या २००९च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांचा आवाज खर्जात जातो, बाईचा की पुरुषाचा कळतच नाही, अगदी तसा मला माझ्या गाण्यात हवाय. पिच खाली केला की पाण्यात बुडून गायल्यासारखं येतंय. तीन रात्री गेल्या, शनिवारी गाणं द्यायचंय. काय चुकतंय?

खर्जवेडा
किती सेमीटोन (अर्धे स्वर) खाली? सॉफ्टवेअर कुठलं?

रात्रपाळी
'व्हायकिंग्ज' मालिकेच्या सुरुवातीला वाजतं तेच ना? त्यासाठी मी एकदाही इंट्रो स्किप नाही केला. कॅरिन आणि भाऊ ओलोफ यांची जोडी 'द नाइफ' ऐका, त्यांचा २००६चा अल्बम 'सायलेंट शाउट', त्यातही आवाजाचा हाच प्रकार आहे.

मृण्मयी_के
ऐकलंय हो सगळं. १२ खाली. रीपर.

टेपवाला_काका
सॉफ्टवेअर सोडा. ट्रॅक फास्ट करून त्यावर गा आणि मग स्पीड मूळ जागी आणा, आम्ही टेपवर असंच करायचो, आवाज आपोआप भारदस्त होतो.

खर्जवेडा
काका, १२ साठी दुप्पट स्पीडनं गावं लागेल, कोण गाणार? शिवाय 'स' आणि 'श' बोथट होतात.

टेपवाला_काका
१२ कुणी सांगितलं? थोडंच करायचं. आणि ते बोथट होणंच गोड लागतं.

रात्रपाळी
बाय द वे 'हार्टबीट्स' हे गाणं पण मूळ द नाइफचं, लोक होसे गोन्सालेसचं समजतात, त्यांनी फक्त गिटारवर गायलंय. फीव्हर रेचा २०२३चा 'रॅडिकल रोमँटिक्स' पण सोडू नका, त्यात ओलोफ परत आहे.

खर्जवेडा
मृण्मयी, १२ म्हणजे अख्खं सप्तक, एवढं खेचल्यावर फाटणारच. ४ वर या. ट्रॅक काळी एकमध्ये असेल तर तो चार सेमीटोन वर न्या, पांढरी चारमध्ये गा, मग ट्रॅक परत मूळ जागी आणि आवाज चार खाली. फॉर्मंटही (गळ्या-तोंडाच्या आकारानं आवाजाला येणारा पोत) थोडा खाली घ्या, तो जागेवरच राहिला तर खालच्या पट्टीत गाणारी बाईच वाटते, गळा मोठा झाल्यासारखा वाटत नाही. आणि पिचआधी आवाज कोरडा, म्हणजे इफेक्टशिवाय आहे ना?

मृण्मयी_के
नाही, आधी रिव्हर्ब (घुमारा) लावलाय, त्याच्यानंतर पिच.

खर्जवेडा
अहो मग तेच पाणी! पिचवाल्याला शब्द आणि मागे रेंगाळणारा घुमारा दोन्ही एकदम ओढावं लागतंय. क्रम उलटा करा, आधी पिच मग रिव्हर्ब.

टेपवाला_काका
हे मात्र बरोबर.

मृण्मयी_के
केलं! 'काळोख'मधला 'ळ' पहिल्यांदा नीट ऐकू आला, खरंच खूप आभार. पण दोन ओळींच्या मधले श्वास फार जाड येतायत, त्यांचं काय?

खर्जवेडा
श्वास कापून वेगळ्या ट्रॅकवर टाका, त्यांना पिच लावूच नका.