मदत हवी आहे: एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये बक कन्व्हर्टरचे ६० रन आपोआप करायचेत, रिपलचे आकडे उलटे येतायत

नमस्कार मंडळी,

नाशिकला सातपूरच्या एका छोट्या युनिटमध्ये पॉवर सप्लायची कार्डं बनवतो. सध्या २४ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर हातात आहे. स्विचिंग १०० किलोहर्ट्झ, खाली साधा शॉट्की डायोड. फीडबॅक अजून लावलेला नाही, ड्यूटी (प्रत्येक सायकलमध्ये स्विच चालू असण्याचा हिस्सा) ठरवून दिलेली आहे. आधी इंडक्टर आणि आउटपुटचा कपॅसिटर पक्का करायचा, मग फीडबॅक जोडून लूप बंद (पूर्ण) करायचा, असा बेत आहे.

इंडक्टरच्या ४ किमती, ३ कपॅसिटर आणि ०.१ ते १ अँपियरपर्यंत ५ लोड, म्हणजे ६० रन. परवापर्यंत एकेक किंमत बदलून, कर्सर लावून रिपल (आउटपुट व्होल्टेजमधला बारीक चढउतार) वहीत उतरवत होतो. बाराव्या-तेराव्या रनला कुठली ओळ कुठल्या इंडक्टरची हेच कळेना, तेव्हा डॉट-स्टेप (किमती आपोआप बदलत रन घेणारी कमांड) आणि डॉट-मेझ (मोजमाप लॉगमध्ये लिहिणारी कमांड) शिकायला बसलो. लोड मी रेझिस्टर म्हणूनच ठेवलाय, ०.१ अँपियरला ५० ओहम.

अडलंय दोन ठिकाणी.

पहिलं, ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला सिरीज रेझिस्टन्स. माझ्याकडचे कपॅसिटर असे: १०० मायक्रोफॅरड ०.३ ओहम, २२० ला ०.१५, ४७० ला ०.०८. ईएसआरला वेगळी स्टेप दिली तर ४७० मायक्रोफॅरडला ०.३ ओहम अशा माझ्याकडे नसलेल्या जोड्याही चालतात. शिवाय एकात एक तीनच स्टेप बसतात, त्या आधीच भरल्यात.

दुसरं जास्त छळतंय. सध्या ईएसआर हाताने बदलून प्रत्येक कपॅसिटरचे रन वेगळे घेतले. रन १० मिलिसेकंदांचा, सुरुवातीची उसळी नको म्हणून पीक-टू-पीक (वरच्या आणि खालच्या टोकांतला फरक) ८ ते १० मिलिसेकंदांतच मोजतो. १०० मायक्रोहेन्री आणि १ अँपियरला इंडक्टरचा रिपल करंट हाताच्या हिशेबाने ०.४ अँपियरच्या जवळपास येतो. त्याला ०.०८ ने गुणलं की ३२ मिलिव्होल्ट, आणि लॉगमधला आकडा त्याच्या आसपासच आहे. पण ०.१ अँपियरला १०० मायक्रोफॅरडवर दीडशे मिलिव्होल्ट आणि ४७० वर सव्वादोनशे! मोठा, कमी ईएसआरचा कपॅसिटर लावून रिपल वाढतो कसा? आउटपुटची सरासरीही ५ ऐवजी साडेसहाच्या पुढे दिसते. माझं मोजमाप चुकतंय की सर्किट?

प्रतिसाद १

सरासरीचं आधी सांगतो, ती बरोबर आहे. रिपल करंट ०.४ असेल तर लोड ०.२ अँपियरच्या खाली गेल्यावर इंडक्टरचा करंट प्रत्येक सायकलला शून्याला टेकतो. डायोड उलटा करंट जाऊ देत नाही. ड्यूटी ठरलेली असताना व्होल्टेज मग वर सरकणारच. लूप बंद केलात की कंट्रोलर ड्यूटी कमी करेल.

रिपलचा घोळही तिथूनच निघतो. सुरुवातीच्या उसळीत कपॅसिटर चांगला आठच्या वर भरतो. तो चार्ज इंडक्टरमधून परत जाऊ शकत नाही, फक्त लोडमधून उतरतो. ५० ओहम गुणिले ४७० मायक्रोफॅरड म्हणजे २३.५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात थोडं लवकर स्थिरावतं, पण ८ व्या मिलिसेकंदाला व्होल्टेज अजून घसरतच असतं. तुम्ही मोजताय ती ती घसरण, रिपल नाही. नुसता ८ ते १० चा तुकडा मोठा करून बघा, दातेरी रेष उतारावरून खाली येताना दिसेल.

रन १०० मिलिसेकंदांचा करा. डॉट-ट्रानमध्ये (रनची वेळ ठरवणारी कमांड) साठवण सुरू करायची वेळ ९९ मिलिसेकंद द्या, म्हणजे फाइल फुगणार नाही. पीक-टू-पीक शेवटच्या १०० मायक्रोसेकंदांतच घ्या, दहा सायकल पुरतात. आणि हे कराच: साठवलेल्या तुकड्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या १०० मायक्रोसेकंदांची सरासरी दोन डॉट-मेझने काढा आणि तिसऱ्याने वजाबाकी. वजाबाकी शून्याजवळ नसेल तर त्या रनच्या रिपलवर विश्वास ठेवू नका. ६० आलेख डोळ्यांनी तपासत बसणं कुणाला जमणार?

प्रतिसाद २

ईएसआरचं सोपं आहे. कपॅसिटरला स्टेप देऊ नका, क्रमांकाला द्या: १, २, ३. मग कपॅसिटन्स आणि ईएसआर दोन्ही टेबल फंक्शनने त्या क्रमांकावरून उचला. ईएसआर कपॅसिटरच्याच सिरीज रेझिस्टन्सच्या खान्यात महिरपी कंसात लिहिता येतो. जोडी कधीच तुटत नाही.

आणखी एक. डॉट-मेझ रन संपल्यावर साठवलेल्या वेव्हफॉर्मवरून मोजतं आणि एलटीस्पाइस ती दाबून साठवतं. मिलिव्होल्ट मोजायचे तर ऑप्शन्समध्ये प्लॉटविनसाइझ शून्य करा, कमाल टाइमस्टेप १०० नॅनोसेकंद ठेवा. रन लांबेल, रात्री लावून ठेवा. सकाळी एरर लॉग उघडून राइट क्लिक केलं की मोजमापांचा आलेखच काढता येतो. लॉग साधी मजकुराची फाइल असते, स्प्रेडशीटमध्येही जाते.

धागाकर्ता

दादा, दोघांचेही मनापासून आभार! ८ ते १० चा तुकडा मोठा केला, अगदी उतारावरचे दात. रात्रभर ६० रन लावले होते. ४७० मायक्रोफॅरड, ०.१ अँपियर: रिपल ३० मिलिव्होल्टच्या आत, वजाबाकी शून्यच. १०० मायक्रोफॅरडवाला शंभराच्या वरच राहिला, म्हणजे तिथे दोष खरोखर ईएसआरचा आहे. आता कंट्रोलरचं मॉडेल लावून हेच ६० परत चालवतो. लूप बंद असताना लाइट लोडला साठवण किती उशिरा सुरू करावी, हे कुणी केलं असेल तर सांगा.