सुपर मंकी बॉल: सुट्टीत सगळ्यांनी मिळून खेळायला ‘बनाना मेनिया’ घ्यावा की ‘बनाना रंबल’?

पाटावरचा_राजा

नमस्कार. आमच्याकडे निन्टेंडो स्विच हे व्हिडिओ गेमचे यंत्र आणि चार कंट्रोलर आहेत. दिवाळीच्या सुट्टीत भावाची आणि बहिणीची मुले राहायला येणार असून त्यांत सात वर्षांच्या मुलीपासून सोळा वर्षांच्या मुलापर्यंत सगळे आहेत. एकाच टीव्हीसमोर बसून खेळता येईल, लहानांना पहिल्या दिवसापासून भाग घेता येईल आणि मोठ्यांना मात्र चार दिवसांत संपला असे वाटणार नाही, असा खेळ मी शोधतो आहे. सेगा या जपानी कंपनीच्या सुपर मंकी बॉल मालिकेबद्दल पुष्कळ चांगले वाचले. परंतु हा खेळ फार अवघड आहे, अशी तक्रारही तितक्याच वेळा वाचनात आली. माझे दोन प्रश्न आहेत. हा अवघडपणा मुलांचा हिरमोड करणारा आहे की पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लावणारा आहे? आणि २०२१ चा ‘बनाना मेनिया’ व २०२४ चा ‘बनाना रंबल’ यांपैकी आमच्यासारख्या घराने कोणता घ्यावा?

गोटीबहाद्दर

या मालिकेवर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पारदर्शक चेंडूत बसलेले एक माकड, हवेत तरंगणारा एक फलाट आणि दुसऱ्या टोकाला गोलची कमान, एवढाच हा खेळ आहे. बहुतेक टप्प्यांत त्या कमानीपर्यंत पोहोचायला साठ सेकंद मिळतात. विशेष असे की, खेळणारा माकडाला चालवत नाही, तर जमीन कलती करतो. परातीत गोटी ठेवून परात थोडी इकडे, थोडी तिकडे झुकवावी, तसा हा प्रकार आहे. २००१ साली तोशिहिरो नागोशी यांच्या नेतृत्वाखाली सेगाच्या अम्यूझमेंट व्हिजन या विभागाने हा खेळ प्रथम आर्केडसाठी, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी, तयार केला, तेव्हा त्या यंत्राच्या जॉयस्टिकला केळ्याचा आकार दिलेला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपानमध्ये निन्टेंडोचा गेमक्यूब बाजारात आला, त्या दिवशी त्याच्यासोबत जे तीन खेळ आले त्यांत सुपर मंकी बॉल होता. सेगाने ड्रीमकास्ट हे स्वतःचे घरगुती यंत्र बंद करण्याचा निर्णय त्याच वर्षाच्या सुरुवातीला घेतला होता, त्यामुळे निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर सेगाचा खेळ हीच तेव्हा मोठी नवलाई होती.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. या खेळाचे नियम समजायला एक मिनिटही लागत नाही, कारण मुख्य खेळात फक्त एक ॲनालॉग स्टिक (अंगठ्याने कमीजास्त ढकलायची कंट्रोलरवरची छोटी दांडी) वापरायची असते. सगळा अवघडपणा हाताच्या संयमात आहे. चेंडूला वेग आला की तो आवरायला वेळ लागतो आणि कठडा नसलेल्या वळणावर तेवढा वेळ मिळत नाही. पण चेंडू खाली पडला की आपण वेळेवर स्टिक मागे घेतली नाही, हे सात वर्षांच्या मुलालाही कळते. यात नशिबाचा भाग जवळजवळ नाही आणि पुढचा प्रयत्न लगेच सुरू होतो, म्हणूनच मुले रुसून बसण्याऐवजी पुन्हा हात पुढे करतात, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या भागात बिगिनरचे दहा, ॲडव्हान्स्डचे तीस आणि एक्स्पर्टचे पन्नास टप्पे होते. ते सगळे ‘बनाना मेनिया’त आहेतच, शिवाय दुसऱ्या भागातले टप्पेही धरून एकूण संख्या तीनशेच्या वर जाते. एक्स्पर्टमधला सातवा टप्पा मात्र कुप्रसिद्ध आहे. पन्नासांपैकी सातवाच असूनही अरुंद, वळणावळणाच्या त्या वाटेने जगभरातल्या खेळाडूंना रडवले आहे, तेव्हा आपला सोळा वर्षांचा भाचा तिथे अडला तर त्यात नवल वाटून घेऊ नका.

आपल्या घरासाठी मी निःसंशय ‘बनाना मेनिया’ सुचवीन, कारण त्यात शर्यत, मारामारी, टार्गेट, बिलियर्ड्स, बोलिंग, गोल्फ, होडी, फुटबॉल, बेसबॉल, टेनिस असे एकूण बारा पार्टी गेम आहेत. बोलिंग आणि गोल्फ पाळीपाळीने खेळायचे असल्यामुळे ज्याची पाळी नाही तोही बसून सल्ले देत राहतो, आणि सुट्टीतल्या घरात ही गोष्ट फार मोलाची असते.

सांजपाखरू

गोटीबहाद्दर यांच्या माहितीशी मी सहमत आहे, परंतु निष्कर्षाशी नाही. पाटावरचा_राजा यांनी ‘सगळ्यांनी मिळून’ असे लिहिले आहे आणि ‘मेनिया’तले मुख्य टप्पे एकट्यानेच खेळायचे आहेत. ‘बनाना रंबल’मध्ये चौघांना एकत्र साहसी मोहिमेवर निघता येते, आणि माझ्या मते ज्या मुलांचा हात अजून बसलेला नाही त्यांच्यासाठी हा फरक निर्णायक आहे. त्यात दोनशे टप्पे आहेत, बटण दाबून धरून चेंडूला एकदम झेप घ्यायला लावणारा स्पिन डॅश आहे आणि जे सतत अडतात त्यांच्यासाठी वाट दाखवणारी रेषा व थोडे मागे जाण्याची सोयही आहे. ऑनलाइन लढतीत सोळा जण एकत्र खेळू शकतात.

त्याची उणी बाजूही सांगायला हवी. लढतीचे प्रकार पाचच आहेत आणि त्यांत बोलिंग, गोल्फ किंवा टार्गेट यांपैकी एकही नाही. ज्यांनी या मालिकेतला टार्गेट एकदा खेळला आहे, त्यांना ही उणीव नक्की जाणवेल.

पाटावरचा_राजा

दोघांचेही आभार. लहानांना मोहीम एकत्र खेळता येणे महत्त्वाचे आहे, हे पटले. तरीही पाळीपाळीने खेळण्याची कल्पना आमच्या घराला जास्त मानवेल, कारण खेळणारे सात-आठ आणि कंट्रोलर चारच आहेत. ‘मेनिया’ घेतल्यास सात वर्षांच्या मुलीला मुख्य टप्प्यांत काही मदत मिळते का? आणि या टार्गेटचा उल्लेख दोघांनीही केला आहे, तर तो नेमका कसा खेळतात?

वळणवाट

मदतीची सोय आहे. ‘मेनिया’त हेल्पर चालू केले की वेळ दुप्पट मिळतो आणि अवघड जागी खेळ संथ करता येतो. मूळ खेळात मोजकेच जीव असत आणि शंभर केळी गोळा केली की एक जीव वाढत असे. ‘मेनिया’त जीव मोजलेच जात नाहीत, त्यामुळे कितीही वेळा पडले तरी खेळ संपत नाही. पुढे गुण साठवून उडी मारण्याची क्षमताही घेता येते, पण ती पहिल्या आठवड्यात घेऊ नये, असे मला वाटते, कारण उडीची सवय लागली की हात शिकत नाही.

कंट्रोलरबद्दल एक सूचना करतो. गेमक्यूबच्या स्टिकभोवतीची खोबण अष्टकोनी होती, त्यामुळे स्टिक खाचेत टेकवली की चेंडू नाकासमोर सरळ जात असे. स्विचच्या स्टिकभोवतीची कड गोल आहे, म्हणून अरुंद पट्टीवर तीच सरळ रेषा आता अंगठ्याने राखावी लागते. स्विचसोबत येणाऱ्या जॉय-कॉन या लहान कंट्रोलरपेक्षा पूर्ण आकाराचा प्रो कंट्रोलर इथे खरोखर उपयोगी पडतो. शिवाय ‘मेनिया’तला चेंडू जुन्यासारखा वळत नाही, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार आहे आणि ती रास्त आहे, नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र हा फरक जाणवणार नाही. मुलांना एवढेच सांगा की, टप्पा सुरू झाल्याबरोबर पुढे सुटायचे नाही. आधी तोंड हव्या त्या दिशेला वळवून घ्यायचे, मग स्टिक अर्धीच ढकलायची आणि वळण येण्यापूर्वीच ती मागे घ्यायची.

आता टार्गेटविषयी लिहितो. माकड उतारावरून घरंगळत येऊन समुद्रावर झेपावते. बटण दाबले की चेंडूची दोन शकले उघडून त्यांचे पंख होतात. स्टिक पुढे केली की माकड खाली झेपावते आणि वेग वाढतो. मागे ओढली की ते वर उचलले जाते आणि वेग कमी होतो. खाली पाण्यात गुणांची वर्तुळे असलेले लक्ष्य तरंगत असते. त्याच्या वर आल्यावर पुन्हा बटण दाबून पंख मिटायचे, म्हणजे चेंडू खाली पडतो, पण आधीचा वेग त्याच्यासोबत राहतो. नवखा खेळाडू नेमका मधल्या वर्तुळावर उतरतो आणि तिथून गडगडत पाण्यात जातो. म्हणून लक्ष्य जवळ आले की आधी स्टिक मागे ओढून वेग मोडावा, माकड हवेत जवळजवळ थबकले की मगच पंख मिटावेत, आणि वारा पाठीमागून असेल तर हे सगळे थोडे अगोदर करावे.